डिस्क इमेजिंगची छोटी चाचणी: नाशिकच्या छोट्या ऑफिसांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर-अंबडमधली वर्कशॉप, कॅनडा कॉर्नर आणि कॉलेज रोडकडची सीए-वकिलांची ऑफिसं, दिंडोरी-पिंपळगावकडची द्राक्षांची पॅकहाउस, शाळा-क्लासेसच्या कॉम्प्युटर लॅब. जिथे पाच ते चाळीस कॉम्प्युटर आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळा माणूस नेमलेला नाही, अशांसाठी हे पान आहे. इमेजिंगचं सॉफ्टवेअर सगळ्या ऑफिसला लावण्याआधी चार-पाच मशीनवर ते नीट पारखून कसं घ्यायचं, एवढाच इथला विषय.

आम्ही रोज पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतो. इमेज कशाला हवी?

रोजचा बॅकअप तुमच्या फायली वाचवतो. विंडोज, प्रिंटरचे ड्रायव्हर, टॅलीची मांडणी, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, बँकेच्या साइटसाठी केलेली सेटिंग यातलं काहीच त्यात नसतं. हार्ड डिस्क उडाली की फायली तासाभरात परत येतात, पण कॉम्प्युटर पूर्वीसारखा व्हायला दोन-तीन दिवस जातात. पुन्हा विंडोज मारा, ड्रायव्हर शोधा, पासवर्ड आठवा. इमेज म्हणजे डिस्कवरच्या सगळ्या पार्टिशनची (सी, डी अशा भागांची), बूट होण्याच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होण्याच्या, भागासकट घेतलेली पूर्ण नक्कल. नवी डिस्क बसवून ती इमेज चढवली की मशीन त्या दिवशी जसं होतं तसं उभं राहतं.

इमेज महिन्यापूर्वीची असेल तर मधल्या महिन्याचं काम मात्र तिच्यात नसणार. म्हणून रोजचा बॅकअप बंद करायचा नाही. दोन्ही हवेत.

सॉफ्टवेअर चांगलं आहे असं सगळेच सांगतात. मग चाचणी करण्यात वेळ का घालवायचा?

कारण इमेज काढणं सोपं असतं. पडद्यावर पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जाते, फोल्डर तयार होतं आणि काम झालंसं वाटतं. खरा प्रश्न ती परत चढवताना येतो, आणि तो सहसा ज्या दिवशी डिस्क गेलेली असते त्याच दिवशी पहिल्यांदा कळतो. छोट्या चाचणीचा अर्थ माझ्या मते एकच आहे: काढलेली इमेज दुसऱ्या डिस्कवर चढवायची, आणि त्या मशीनवर रोज बसणाऱ्या माणसाकडून त्याचं रोजचं काम करून घ्यायचं. हे ज्या चाचणीत झालं नाही, तिने फक्त डिस्कवरची जागा भरली.

किती आणि कोणते कॉम्प्युटर निवडायचे?

वीस-पंचवीस मशीन असतील तर चार किंवा पाच पुरेत. निवड करताना सोपी मशीन घेण्याचा मोह टाळा. रिसेप्शनवरचा साधा पीसी घेतला तर चाचणी हमखास पास होईल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. एक सगळ्यात जुना घ्या, एक सगळ्यात नवा लॅपटॉप घ्या. अकाउंटंटचा घ्याच. आणि ज्याला हात लावायला सगळे घाबरतात असा एखादा प्रत्येक ऑफिसात असतो. “तो बंद करू नका, परत चालू होईल की नाही सांगता येत नाही” असं ज्याच्याबद्दल म्हणतात, तो यादीत सगळ्यात वर हवा. त्यालाच इमेजची सगळ्यात जास्त गरज आहे.

एकाच मॉडेलचे दहा पीसी असतील तर त्यातला एकच घ्यावा.

कधी करावी?

कामाचा जोर कमी असताना. सीए आणि कर सल्लागारांनी महिन्याची ११ आणि २० तारीख टाळावी, कारण जीएसटीचे मासिक रिटर्न त्या सुमारास भरायचे असतात. द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसांनी जानेवारी ते एप्रिल या काळात विचारही करू नये. पंचवटीतल्या लॉजवाल्यांनी २०२७ च्या सिंहस्थाची बुकिंग जोरात येण्याआधी हे उरकून घ्यावं.

पावसाळ्याच्या तोंडावर लाइट वारंवार जाते, हेही लक्षात असू द्या. इमेज चढत असताना वीज गेली की ती डिस्क अर्धवट लिहिलेली राहते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. यूपीएस आहे एवढ्यावर विसंबू नका. त्याची बॅटरी खरोखर किती वेळ टिकते ते आधी प्लग काढून बघा. लॅपटॉप असेल तर चार्जर जोडलेलाच ठेवा.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?

इथे मी एकाची शिफारस करणार नाही, पण दोन प्रकारांतला फरक समजून घ्या. क्लोनझिला आणि रेस्क्यूझिला मोफत आहेत. ती पेन ड्राइव्हवरून बूट होतात, म्हणजे इमेज काढताना विंडोज बंद असतं. काम स्वच्छ होतं, पण तेवढा वेळ मशीन अडकून पडतं. रेस्क्यूझिलाचा पडदा माउसने चालतो, क्लोनझिलात कीबोर्डवरून एकेक पायरी निवडावी लागते. दुसरा प्रकार विंडोज चालू असतानाच इमेज काढतो. वीमचा विंडोज एजंट त्यातला, त्याची मोफत आवृत्ती मिळते. पैसे देऊन घ्यायचे अॅक्रॉनिस आणि मॅक्रियमही त्याच जातीचे. यांना ठरलेल्या वेळी आपोआप इमेज काढता येते, आणि जिथे कोणी आठवणीने काम करणार नाही तिथे हा मोठाच फायदा आहे.

जुन्या सवयीने अजून काही जण घोस्टची सीडी बाहेर काढतात. नॉर्टन घोस्टची विक्री २०१३ मध्येच बंद झाली. मॅक्रियमच्या मोफत आवृत्तीचे सुरक्षा अपडेट १ जानेवारी २०२४ ला थांबले. विंडोजमधली स्वतःची सिस्टिम इमेजची सोय मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून पुढे वाढवणं सोडलं आहे. या तिन्हींवर नवी व्यवस्था उभी करू नका. क्रॅक केलेली आवृत्ती तर नकोच. तुमच्या सगळ्या डिस्क जे सॉफ्टवेअर वाचणार, तेच कुठून आलंय हे माहीत नसणं परवडणारं नाही.

सुरू करण्याआधी मशीनवर काय बघायचं?

पहिलं, डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं छोटं सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःच्या तब्येतीबद्दल नोंदवलेली ‘स्मार्ट’ माहिती दाखवतं. तिथे सावधान किंवा खराब असा शेरा दिसला तर चाचणी बाजूला ठेवा आणि आधी महत्त्वाच्या फायली काढून घ्या.

दुसरं, विंडोजचं फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर आपण शट डाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं, आणि क्लोनझिला अशा पार्टिशनची इमेज काढायला नकार देतं. पॉवर ऑप्शनमधून ते बंद करा, किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा.

तिसरं, डिस्कवर किती जागा खरोखर वापरली आहे ते लिहून ठेवा. ही सॉफ्टवेअर साधारणपणे वापरलेला भागच उचलतात, त्यामुळे ५०० जीबीच्या डिस्कवर १२० जीबी भरलेली असेल तर इमेज १२० च्या आतच बसते. पण क्लोनझिलाने ती चढवताना नवी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. ५०० ची इमेज २५६ च्या एसएसडीवर सरळ चढत नाही, आतला डेटा कितीही कमी असो. जुन्या हार्ड डिस्कवरून छोट्या एसएसडीवर जायचा बेत असेल तर आधी विंडोजमधूनच पार्टिशन लहान करावं लागतं, आणि तेही चाचणीत करून बघायला हवं.

आम्ही बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) कधी लावलंच नाही. तरी बघायला हवं का?

हवंच. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ शोधून बघा. ते चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी मिळवा. ती बहुधा ज्या खात्याने पहिल्यांदा लॉगिन झालं त्या खात्यात साठवलेली असते. ते खातं सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचं किंवा लॅपटॉप लावून देणाऱ्या दुकानदाराचं निघालं तर तो प्रश्न आजच सोडवा.

कुलूप असतानाच पेन ड्राइव्हवरून इमेज काढली तर सॉफ्टवेअरला आतलं काही कळत नाही. ते सगळी डिस्क जशीच्या तशी उचलतं, इमेज डिस्कएवढी मोठी होते आणि दाबून लहानही होत नाही. विंडोजमधून चालणारं सॉफ्टवेअर उघड्या डिस्कवरून वाचतं, त्यामुळे तिथे ही अडचण नाही, पण मग इमेजमधला डेटा कुलपाबाहेर आलेला असतो. तिला वेगळा पासवर्ड लावा.

किती वेळ लागतो?

डिस्कपेक्षा तार आणि स्विचवर जास्त अवलंबून असतं. १०० जीबी डेटा गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेगाने गेला तर पंधरा-वीस मिनिटांत होतो. तोच १०० एमबीपीएसच्या जुन्या स्विचमधून गेला तर अडीच तास लागतात. ऑफिसात भिंतीवर धूळ खात बसलेला स्विच कोणत्या जातीचा आहे ते नक्की बघा. यूएसबीची डिस्क असेल तर निळ्या पोर्टमध्ये, म्हणजे यूएसबी ३ मध्ये लावा.

काढायला लागलेला वेळ आणि चढवायला लागलेला वेळ असे दोन वेगळे आकडे लिहा. अडचणीच्या दिवशी मालक चढवायला लागणारा वेळच विचारणार आहेत.

इमेज बरोबर आली की नाही हे कसं कळणार?

सॉफ्टवेअरमध्ये इमेज तपासायचा पर्याय असतो, तो जरूर वापरा. पण त्यातून इमेजची फाइल वाचता येते एवढंच कळतं. तिच्यातून कॉम्प्युटर उभा राहील का, हे कळत नाही.

त्यासाठी एक मोकळी एसएसडी लागेल. चाचणीतला एकमेव खर्च बहुतेक हाच. आणि नियम असा ठेवा की चाचणीच्या काळात मूळ डिस्कवर काहीही चढवायचं नाही, कोणी कितीही खात्री दिली तरी. पीसी उघडा, मूळ डिस्कची केबल काढा, तिच्यावर मशीनचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ती बाजूला ठेवा. मोकळी एसएसडी लावा आणि तिच्यावर इमेज चढवा. केबलच काढलेली असली की चुकीची डिस्क निवडून मूळ डेटा पुसला जाण्याची शक्यता उरत नाही. क्लोनझिलात डिस्कची नावं एका अक्षराच्या फरकाने येतात, दमलेल्या माणसाची नजर तिथे हमखास चुकते. मूळ डिस्क आणि तिची नक्कल एकाच वेळी जोडून विंडोज चालू करू नका, हेही त्यातच आलं. दोन्हींची ओळख सारखी असल्याने विंडोज गोंधळतं आणि एकीला बंद ठेवतं.

आता नेटवर्कची केबल काढून आणि वायफाय बंद ठेवून मशीन चालू करा. यावर मी आग्रही आहे. पुष्कळ ऑफिसांत आउटलुक अजून पॉप पद्धतीने मेल उतरवतं. नक्कल केलेलं मशीन नेटवर आलं की ते नवे मेल स्वतःकडे ओढून सर्व्हरवरून काढूनही टाकू शकतं, आणि मूळ डिस्क परत लावली की तिच्यावर ते कधीच दिसत नाहीत. वनड्राइव्हसारख्या आपोआप जुळणाऱ्या फोल्डरांचाही तोच धोका.

मशीन उभं राहिलं की तिथे रोज बसणाऱ्या ताईंना किंवा दादांना बोलवा आणि बाजूला उभे राहा. त्यांनी नेहमीसारखं काम करावं: टॅली उघडून कालचं व्हाउचर काढावं, एक बिल छापावं, डिझाइनची फाइल उघडावी. “अहो, हा प्रिंटर दिसत नाहीये,” असं वाक्य आलं की लगेच लिहून घ्या. कोणत्याही रिपोर्टपेक्षा या नोंदी मोलाच्या असतात. इंजिनिअरला मशीन चालू झालं म्हणजे काम झालं असं वाटतं. काय अडलं ते रोज बसणाऱ्या माणसालाच कळतं.

इमेज चढली, पण मशीन बूटच होत नाही. काय बघायचं?

मशीन तेच असेल तर बहुधा बायोसमधली (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरमधली) बूटची सेटिंग. जुन्या पद्धतीची, म्हणजे एमबीआर डिस्कची इमेज फक्त यूईएफआयवर, म्हणजे नव्या प्रकारच्या बायोसवर, चालणाऱ्या नव्या मशीनवर चढवली तर ती उठत नाही. इमेज काढायच्या दिवशीच बायोसच्या पडद्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बायोसची बॅटरी संपून सेटिंग मूळपदावर गेली तर हेच फोटो उपयोगी पडतात.

नव्या लॅपटॉपवर वेगळी तक्रार येते: पेन ड्राइव्हवरून बूट केलं की आतली एनव्हीएमई डिस्क (नव्या प्रकारची वेगवान एसएसडी) दिसतच नाही. बायोसमधली इंटेलची आरएसटी किंवा व्हीएमडी ही डिस्क हाताळण्याची सेटिंग चालू असली की असं होऊ शकतं. घाईत ती बदलून मोकळं होऊ नका, कारण मग मूळ विंडोजच निळा पडदा दाखवून थांबू शकतं. सेटिंग बदलून पहिल्यांदा सेफ मोडमध्ये चालू करायचा मार्ग आहे, पण अशा मशीनवर विंडोजमधून चालणारं सॉफ्टवेअर वापरणंच सोयीचं.

टॅली, डिजिटल सही, मराठी फॉन्ट, हे सगळं परत येतं का?

फॉन्ट येतात, अगदी जुने बिगर-युनिकोड फॉन्टसुद्धा, कारण ते डिस्कवरच असतात. ज्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं लॉक लागतं त्याचं लॉक मात्र वेगळं जपायला हवं. डिजिटल सहीची किल्ली टोकनमध्ये असते, ती इमेजमध्ये येत नाही. ड्रायव्हर आणि एमसाइनर (पोर्टलवर सही उमटवणारं सॉफ्टवेअर) येतात. मशीन पुन्हा नेटवर आल्यावर टोकन लावून जीएसटीच्या पोर्टलवर सही उमटते का, हे बघितल्याशिवाय अकाउंटंटच्या मशीनला पास म्हणू नका. इमेज वेगळ्या मशीनवर चढवली असेल तर त्या वेळी मूळ मशीन बंद ठेवा, आणि नकलेतलं आउटलुक उघडू नका.

टॅलीचं लायसन्स मशीनशी बांधलेलं असतं. इमेज वेगळ्या मशीनवर चढवून बघत असाल तर तिथे टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडेल. जुन्या नोंदी नीट दिसतात का एवढं तपासायला ते पुरतं. इमेज काढताना टॅली बंद हवी, सगळ्या मशीनवरची.

सीएनसी मशीनला (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कारखान्यातल्या यंत्राला) जोडलेला विंडोज एक्सपीचा पीसी आहे. तो चाचणीत घ्यावा का?

अंबड आणि सातपूरमध्ये असे पीसी कमी नाहीत. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, पण सीएनसी मशीन चांगलं चालतंय आणि त्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर येत नाही म्हणून पीसी तसाच ठेवावा लागतो. त्याची डिस्क गेली तर पीसीबरोबर मशीनही थांबतं. म्हणून घ्यावाच, पण सगळ्यात शेवटी, बाकीच्या मशीनवर हात बसल्यावर.

सुट्टीच्या दिवशी करा. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडणीने (अडॅप्टरने) लावून इमेज काढली तर जुन्या पीसीला बूट करण्याची कसरत टळते. डिस्क जुन्या आयडीई प्रकारची असेल तर त्याच प्रकारची चालती डिस्क किंवा जोडणी आधी शोधून ठेवा, हे सुटे भाग आता मुश्किलीने मिळतात. इमेज चढवलेली डिस्क लावून ऑपरेटरला एक प्रोग्रॅम सिरियल केबलवरून मशीनला पाठवायला सांगा. तो पोहोचला की ती डिस्क नाव लिहून कपाटात ठेवा. मशीनच्या आतल्या कंट्रोलरला मात्र आपण हात लावायचा नाही. त्याचा बॅकअप मशीन बनवणाऱ्यांच्या पद्धतीनेच घ्यावा.

शाळेच्या लॅबमध्ये एकच इमेज वीस कॉम्प्युटरवर मारायची आहे. चालेल?

चालेल, पण ते वेगळं काम आहे आणि त्याची चाचणीही वेगळी. इमेज काढण्याआधी मूळ मशीनवर सिसप्रेप हे विंडोजमधलंच साधन चालवावं लागतं, म्हणजे प्रत्येक मशीनला स्वतःची ओळख मिळते. पूर्वी हे टाळलं तरी फारसं अडत नसे. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्या सारखी ओळख असलेल्या मशीनना एकमेकांत लॉगिन करू देत नाहीत. शेअर फोल्डर आणि रिमोट डेस्कटॉप अडतात, आणि पासवर्ड बरोबर असूनही का अडतंय हे कळत नाही. एनीडेस्कसारखं दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर मूळ मशीनवर असेल तर त्याचा नंबरही सगळीकडे सारखाच उमटतो. ते इमेजमध्ये ठेवूच नका, नंतर टाका.

आधी तीन मशीनवर करा. एका मशीनवरून दुसऱ्याचं शेअर फोल्डर उघडलं की मग पुढे. नेटवर्कवरून सगळ्यांना एकदम इमेज द्यायची असेल तर फॉग हा मोफत मार्ग आहे, पण त्याला डीएचसीपीची (नेटवर्कवरच्या मशीनना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीची) समज असलेला माणूस हवा.

विंडोजच्या लायसन्सचं काय?

त्याच मशीनचा स्वतःचा बॅकअप म्हणून इमेज काढायला अडचण नाही. मशीनसोबत आलेल्या विंडोजची एकच इमेज अनेक मशीनवर मारायची तर व्हॉल्यूम लायसन्सचे (अनेक मशीनसाठी मिळून घ्यायच्या लायसन्सचे) नियम लागू होतात. विक्रेत्याकडून ते लेखी घ्या.

विंडोज १० वरून ११ वर जातोय. आधी इमेज काढावी का?

हो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जायला हवंच. विंडोजमध्ये मागे परतायची सोय असते, पण ती साधारण दहा दिवसांपुरती. प्रिंटर किंवा जुनं सॉफ्टवेअर चालत नाही हे पुष्कळदा महिनाअखेरीला कळतं.

इमेजमध्ये ग्राहकांची माहिती असते. ती सुरक्षित कशी ठेवायची?

इमेज ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती अख्खा कॉम्प्युटर पडतो: आधारच्या प्रती, पगारपत्रकं, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आणि कर्मचाऱ्यांचे घरचे फोटोही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. इमेजला पासवर्ड लावा, तो कागदावर लिहून मालकांच्या तिजोरीत ठेवा, कारण तो हरवला तर इमेज कोणालाच उघडणार नाही. डिस्क टेबलाच्या खणात नको. एक प्रत ऑफिसबाहेर असावी, आणि इमेजची डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवू नये. फायली कुलूपबंद करणारा व्हायरस आला तर तो जोडलेली डिस्कही सोडत नाही.

चाचणीत कोणाचं मशीन घेणार ते त्या माणसाला आधी सांगा. खाजगी फोटो हलवून घ्यायला एक दिवस द्या.

चाचणी पास झाली हे कोणी ठरवायचं?

अटी आधी कागदावर लिहा, काम सुरू होण्यापूर्वी. उदाहरणार्थ: डिस्क गेल्यापासून अर्ध्या दिवसात मशीन कामाला लागलं पाहिजे. चढवण्याचं काम ऑफिसातल्या माणसाने लिहिलेल्या पायऱ्या वाचून, फोन न करता केलं पाहिजे. ज्याचं मशीन आहे त्याने कागदावर सही केली पाहिजे. एखादी अट पाळली गेली नाही तर तसं लिहा आणि कारण शोधा; “एवढं चालतं” म्हणून अट सैल करू नका. आणि मूळ डिस्कला कुठलाही धोका दिसला तर त्या क्षणी सगळं थांबवायचं, ही अट सगळ्यात वर लिहा.

आम्ही हे काम बाहेरच्या इंजिनिअरला दिलंय. आम्ही काय बघावं?

इमेज चढवताना स्वतः हजर राहा. पायऱ्या मराठीत लिहून मागा. आणि पेन ड्राइव्ह, पासवर्ड, इमेजची डिस्क या तिन्ही गोष्टी तुमच्याकडे राहतील हे आधी ठरवा.

चाचणी जमली. आता सगळीकडे एकदम लावायचं?

एकदम नको. ज्या मशीनच्या बंद पडण्याने काम थांबतं ती आधी, बाकीची आठवड्याला चार-पाच अशी. मोठा बदल झाला की, म्हणजे नवं सॉफ्टवेअर, विंडोजची नवी आवृत्ती, नवा प्रिंटर, त्या मशीनची ताजी इमेज काढा. जुनी लगेच पुसू नका, नवी चढवून बघितल्यावर पुसा. दर सहा महिन्यांनी एखादं मशीन चिठ्ठी टाकून निवडा आणि मोकळ्या एसएसडीवर त्याची इमेज चढवून बघा. दर वेळी हे काम वेगळ्या माणसाने करावं, म्हणजे पायऱ्या लिहिलेला कागद खरंच पुरेसा आहे की नाही हेही कळतं. चाचणीत वापरलेल्या एसएसडीवर प्रत्येक वेळी कोणाचा तरी पूर्ण डेटा उरतो, म्हणून ती पुसूनच कपाटात ठेवा.